नळाच्या नालीतली अंडी

नळाचं कनेक्शन मंजूर झालं, पण पाइप आला तो रस्त्याच्या कडेपर्यंतच. तिथून घरापर्यंतची नाली ज्याची त्यानं खोदून घ्यायची, असं सांगून नळवाला निघून गेला. ह्यांना रविवारी कारखान्याला सुट्टी असते. मार्चचं ऊन चढायच्या आत उरकून टाकू म्हणून त्यांनी सकाळीच शेजारून सब्बल, म्हणजे पहार, मागून आणली आणि फाटकापासून खोदायला सुरुवात केली.

आमचं घर लोहारा गावाच्या पुढे, एका जुन्या तलावामागच्या ले-आउटमध्ये आहे. समोर थोडी मोकळी जागा आहे, तिला आम्ही अंगण म्हणतो. कोपऱ्यात शेवगा, शेवग्याखाली कपडे धुवायचा दगड, बाकी सगळी काळी माती. मी एका ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. रोज बसनं जाते, बसनं येते. वडील गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. मी तिची एकुलती एक, त्यामुळे तिनं कुठं राहायचं हा प्रश्न कधी पडलाच नाही.

मी दोरीवर कपडे टाकत होते. सब्बलीचा आवाज बंद झाला आणि बराच वेळ सुरूच झाला नाही, म्हणून मी वळून पाहिलं. हे वाकून खड्ड्यात बघत उभे होते.

"इकडे ये बरं जरा," ते म्हणाले. "हळू ये."

शेवग्याच्या अलीकडे, जेमतेम वीतभर खोलीवर, मातीचं एक घट्ट ढेकूळ निघालं होतं. त्याच्याखाली एक लहानशी पोकळी होती आणि पोकळीत पांढरीशुभ्र अंडी. सुपारीपेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान. एक सब्बलीनं फुटलं होतं आणि त्यातलं पिवळं मातीत मुरत चाललं होतं.

माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो 'साप'. दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. पावसाळा लागला की आमच्या वॉर्डात साप चावलेली माणसं येऊ लागतात. सोयाबीन निंदायला गेलेल्या बाया, रात्री पिकाला ओलीत करायला, पाणी द्यायला गेलेले शेतकरी, जमिनीवर झोपलेली लेकरं. कोपरापर्यंत काळेनिळे झालेले हात मी धुतले आहेत. पापण्या मिटत चाललेल्या माणसाला गालावर चापट्या मारून जागं ठेवलं आहे. असा प्राणी माझ्या घरात, माझ्या पोरीच्या अभ्यासाच्या खिडकीखाली अंडी घालून गेला, हाच विचार डोक्यात घुसला. सरळ आत गेले आणि गॅसवर मोठं पातेलंभर पाणी ठेवलं.

पाण्याला आधण यायला लागलं तेव्हा आई तिची सकाळची त्रिशरण-पंचशील वंदना आटोपून स्वयंपाकघरात आली.

"एवढं पानी कायले?"

"अंगणात सापाची अंडी निघाली. ओतून टाकते."

ती पुढच्या दाराकडे गेली. मी चिमट्यानं पातेलं उतरवून तिच्या मागे गेले. ती नालीच्या कडेला उभी होती, पदर तोंडाला लावून. मला वाटलं, तिला मळमळतंय. आई अंडं खात नाही. आमच्या घरी अंड्याची भाजी झाली की ती मागच्या दारात जाऊन बसते. वास सहन होत नाही तिला, अशी माझी लहानपणापासूनची समजूत.

"जवाई," ती ह्यांना म्हणाली, "बीळ उघडं होतं का बुजलेलं?"

हे गोंधळले. "म्हंजे?"

"वरून भोक दिसत होतं का? का माती सपाट होती?"

"सपाट होती. मी तं रोज त्याच्यावरूनच गाडी काढतो."

आई खाली बसली. मग म्हणाली, "साप नाई ते. कासवाची हायेत. पानी ने आत."

मी पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. वाफ तोंडावर येत होती. आमच्या अंगणात कासव कुठून येईल, आणि आलं तरी आईला ते कसं कळेल, हे दोन्ही प्रश्न मला एकदमच पडले. ती पुसदच्या पलीकडची, पैनगंगेच्या काठच्या गावची. पण नदीचं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माहेरी न्यायची गोष्ट काढली की ती म्हणायची, आता तिथं कोण आहे.

"तुले कसं माहीत, आई?"

"झाका ते," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

माझी मुलगी अकरावीत आहे. तिनं तेवढ्यात फोटो काढून तिच्या कॉलेजातल्या कुणाला तरी पाठवले होते, त्यानं एका सर्पमित्राला, आणि दुपारच्या आत तो सर्पमित्र मोटरसायकल घेऊन आमच्या फाटकाशी हजर झाला. तिशीचा माणूस, हातात एक लांब आकडा. आकड्याची त्याला गरज पडली नाही. त्यानं खड्ड्याजवळ उकिडवं बसून फुटलेल्या अंड्याचं कवच दोन बोटांत धरलं आणि दाबलं. कट् करून आवाज आला.

"हा आवाज ऐकला का, ताई? सापाच्या अंड्याचं कवच असं वाजत नाही. ते चामड्यासारखं असते, दाबलं तं चेपते. अन् आकारानं लांबट. बरेच सापाची अंडी एकमेकाले चिकटून असतात. घोरपडीचंबी लांबट अन् नरम. हे गोल हाय, कडक हाय, सुटं सुटं हाय."

"म्हणजे कासवच?"

"बहुतेक. तलाव मागंच हाय. पावसाळा सरता सरता कासवाची मादी पान्यातून निघते, माती नरम पाहून मागच्या पायानं खड्डा करते, अंडी घालते अन् वरून माती चेपून जाते. तुमाले पत्ता लागत नाही. पन शंभर टक्के आता कोनी नाही सांगू शकत. पिल्लू निघन तवाच खरं."

त्यानं एकही अंडं जागचं हलवलं नाही. हलवली, उलटी झाली तर आतला जीव मरू शकतो, असं तो म्हणाला. निघालेलीच माती त्यानं हातानं अलगद वर पसरली. वन विभागाला फोन लावून कळवलं. तिथून निरोप आला की अंडी आहेत तिथेच राहू द्या, कुत्र्या-मुंगसापासून सांभाळा, नाली दुसरीकडून काढा, आणि पिल्लं घरी पाळायचा विचार करू नका, तो गुन्हा आहे. भाजीवाल्याचा एक जुना क्रेट आम्ही त्यावर उपडा घातला आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"पावसाळा लागेपर्यंत धरा."

हे माझ्याकडे बघत राहिले. टँकरच्या पाण्याला कंटाळून आम्ही त्या नळाची वाट पाहत होतो. तरी ते एवढंच म्हणाले, "बरं, भिंतीकडून काढू."

संध्याकाळी आई जेवली नाही. रात्री मी तिच्या पायाला तेल लावायला बसले, तर पाय ओढून घेतले. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीसाठी साडी नेसत असताना ती दाराशी आली. केस विंचरलेले, हातात तिची कापडी पिशवी.

"हे अंगनातून काढून टाका," ती म्हणाली. "तुमाले जमत नसन तं मले पुसदले नेऊन सोडा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ही बाई मुंग्यांना साखर टाकते. उंदराचा पिंजरा लावला तर रात्री उठून उघडून देते. तिच्याच एका शब्दावर मी उकळतं पाणी परत नेलं होतं.

"अगं, तूच तं म्हणाली साप नाही म्हणून."

"म्हनली. पन मले ते रोज पाहनं होत नाई."

"काहून?"

ती पिशवी घेऊन व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसली, अंगणाकडे पाठ करून. मी सुट्टी काढली नाही. ह्यांनीच अर्धा दिवस रजा टाकून तिला दुपारच्या बसमध्ये बसवून दिलं. पुसदला माझी मावशी राहते, आईची धाकटी बहीण. ती स्टँडवर घ्यायला आली होती.

बसमध्ये बसताना आई ह्यांना म्हणाली, "जवाई, राग नका मानू." ते घरी येऊन मला म्हणाले, "आईले काई तरी झालं हाय. डोक्यावर परिणाम तं नाही?" मलाही तीच भीती होती. म्हातारपणी माणसं बदलतात, संशयी होतात, हे मी वॉर्डात रोज पाहते. त्या आठवड्यात मी मावशीला फोन केला.

"मावशी, आईला कासवाची भीती आहे का गं?"

"कासवाची कोनाले भीती असते?" मावशी हसली. मग म्हणाली, "पन ताई नदीवर कधीच येत नसे आमच्यासंगं. धुनं असलं तरी विहिरीवर जाये. एकदा मी लहान असताना नदीवर गेलती एकटीच, तं तिनं मले इतकं मारलं, इतकं मारलं, का आईनं येऊन सोडवलं."

"का मारलं?"

"कोन जाने. भाऊ वारल्यानंतर ती तशीच झालती, असं आई म्हने."

"कोणाचा भाऊ?"

"आमचा. तुले माहीत नाही काय? एक भाऊ होता आमचा, ताईपेक्षा लहान. तापानं गेला. मी पाळन्यात होती तवा."

मी नर्सिंग रूममध्ये उभी होते. समोर टेबलावर सलाइनच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्यावरची अक्षरं मला वाचता येईनात. वयाच्या चाळिशीनंतर मला कळत होतं की मला एक मामा होता. शाळेत असताना मी आईशी भांडायचे, सगळ्यांना मामा आहे, मलाच नाही म्हणून. ती म्हणायची, नसते कोणाकोणाले. एवढंच. एवढ्याच आवाजात.

एप्रिलमध्ये जोडून सुट्ट्या मिळाल्या तशी मी पुसदला गेले. मावशीच्या मागच्या अंगणात आई चिंच फोडत बसली होती. एका दगडावर चिंच ठेवायची, लाकडी ठोकणीनं ठोकायची, चिंचोके वेगळे काढायचे. मी तिच्यासमोर पाट घेतला आणि मीही फोडायला लागले. मावशी घरात होती. मी ठरवून काही गेले नव्हते, पण हातात काम असलं की आई बोलते, एवढं मला माहीत होतं.

"आई, मावशी म्हणाली, तुला एक भाऊ होता."

ठोकणी थांबली नाही.

"होता."

"तापानं गेला म्हणे."

"तापानं नाई गेला." तिनं चिंचोके ताटात टाकले. "तुया आजोबानं तसं सांगतलं गावाले. मंग तेच खरं झालं."

मग ती सांगत गेली. मध्ये मध्ये थांबत होती. मी विचारलं नाही तर पुढे सरकत नव्हती. बहात्तरच्या दुष्काळातलं होतं सगळं. माझे आजी-आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, पाळण्यातल्या मावशीला झोळीत घेऊन. आई दहा वर्षांची होती, भाऊ सात-आठ. घरात दोघंच. सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी मिळायची, कामावर गूळ-पिठाची सुकडी मिळायची, पण ती घरापर्यंत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. नदीचं पात्र वाळूचं झालं होतं, मध्ये मध्ये डोह उरले होते. त्या डोहांतली कासवं रात्री वाळूवर, काठाच्या मातीवर येऊन अंडी घालायची.

"एका बुढीनं आमाले दावलं. बारीक काडी घ्याची अन् रेतीत खुपसत जाची. जिथं काडी सुळकन जाईन तिथं उकराचं. निंघाले का तिथंच तीन दगडं मांडून भाजाचे अन् खाचे. घरी नाही न्याचे."

"घरी का नाही?"

"बाप्पा, माया बाप मारून टाकता आमाले." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "दीक्षा घेतलेला मानूस तो. नागपूरले जाऊन आलता. आपन आता कोनाचं उष्टं खात नाही, मेलेलं खात नाही, असंतसं काहीबी उकरून खात नाही. मान वर करून राहाचं, लेकराईले शिकवाचं. रोज सांगे आमाले. अन् आमी तिकडे नदीत भिकाऱ्यावानी अंडी उकरून राह्यलो."

तिचा भाऊ हात घालायचा. त्याचा दंड बारीक होता, खोलवर जायचा. ती काडी खुपसायची, जागा सांगायची, तो हात घालायचा. तसं त्यांचं ठरून गेलं होतं.

"त्या दिवशी आमाले रेतीत काहीच नाही भेटलं. म्हनून काठानं गेलो, बाभळीखाली. तिथं भोक होतं. मी म्हनलं, इथं असन. त्यानं हात घातला." ठोकणी तिच्या मांडीवर होती. "कासव बीळ उघडं नाही ठेवत. बुजवून जाते, वरून सपाट करते. हे मले माहीत होतं. इतके दिवस उकरत होतो आमी, मले माहीत होतं. ते बीळ उघडं होतं. मले समजाले पाह्यजे होतं."

घरात मिक्सर सुरू होता, तो बंद झाला. माझ्या डोक्यात वेगळीच गोष्ट फिरत होती. पावसाळ्यात मी ड्यूटीवरून घरी आले की आई दारातच विचारायची, "आज आलतं काय कोनी? साप चावलेलं?" मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "लहान होतं का मोठं? वाचलं का?" कधी कधी मी थकलेली असायचे आणि चिडून म्हणायचे, तुला हेच बरं सुचतं. मला ती एका म्हातारीची उत्सुकता वाटायची.

"दवाखान्यात नेलं नाही?" मी विचारलं. मी नर्स आहे, तोंडातून तेच निघालं.

"कुठं दवाखाना? मी त्याले पाठीवर घेऊन घरी आनलं. वाटंत त्याचे डोये मिटून राह्यले होते. मी म्हने, झोपू नको रे. शेजारच्यानं मांत्रिकाले बोलावलं. आई-बाप कामावरून येयेपर्यंत..." तिनं वाक्य सोडून दिलं. "बापानं मले विचारलं, कुठं गेलते? मी सांगतलं. त्यानं दार लोटून घेतलं. मंग म्हने, कोनाले सांगू नको. लोकं म्हनतीन, मोठे बौद्ध झाले अन् लेकरं कासवाची अंडी खातेत. ताप आलता म्हन. म्हनून ताप."

पापण्या मिटत गेल्या म्हणजे नाग किंवा मण्यार. वेळेवर सापाच्या विषावरची लस मिळाली असती तर मूल वाचलं असतं. आमच्या रुग्णालयातल्या फ्रिजमध्ये ती कुप्यांनी भरलेली असते. मी हे तिला सांगितलं नाही.

"त्याचं नाव काय होतं?"

तिनं नाव सांगितलं. फार हळू. इतक्या वर्षांत ते तिनं तोंडानं उच्चारलं नसावं, कारण सांगितल्यावर तिनं ओठ पुसले. ते नाव मी इथे लिहीत नाही.

मागच्या दारात मावशी उभी होती. तिनं किती ऐकलं ते मला माहीत नाही. ती येऊन आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, तू मले मारलं होतं ना नदीवर गेलती म्हनून?"

"मारलं होतं," आई म्हणाली.

दोघी मग चिंच फोडत राहिल्या.

मी आईला चल म्हटलं नाही. क्रेट तिथंच आहे, अंडी तिथंच आहेत, आणि आम्हाला ती काढता येणार नाहीत, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "नको काढू. चूक होती माई." मी एकटीच परतले. बसमध्ये खिडकीजवळ बसून आर्णीपर्यंत मी रडत होते. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली, काही विचारलं नाही.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस ह्यांना फोन आला. "जवाई, मी स्टँडवर बसली हाय. न्याले या." मावशीला न सांगता निघाली होती, वाटेतून तिला फोन करून कळवलं होतं. घरी आली, चप्पल काढायच्या आत क्रेटजवळ गेली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"हे चारी बाजूनं दाबून ठेवलं. पिल्लं निंघतीन तं जातीन कुठून?"

सर्पमित्रानं आम्हाला तसं काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि आम्ही विसरलो असू. ह्यांनी एक वीट काढली आणि तलावाच्या बाजूनं क्रेट थोडा उचलून खाली खापर लावलं. आईनं तीच खुर्ची परत व्हरांड्यात लावली. या वेळी तोंड अंगणाकडे होतं. रात्री तिला झोप लागत नसे. मला तिच्या खोलीतला दिवा दिसे.

खरं सांगायचं तर मला त्या अंड्यांतून काही निघेल असं वाटत नव्हतं. आधी वरून गाडी जात होती, एक फुटलं होतं, उन्हाळाभर माती भाजून निघाली होती. पाऊस लागून बरेच दिवस झाले तरी काही हललं नाही. ह्यांनी तर क्रेट काढून तिथं मोगरा लावायची गोष्टही काढली होती.

जुलैत एका दुपारी मी ड्यूटीवर असताना मुलीचा फोन आला. ती नुसती धापा टाकत होती. मला वाटलं आईला काही झालं.

"मम्मी, आजी म्हणते तू लवकर ये. माती हलते आहे."

मी पोचले तेव्हा आई धुण्याच्या दगडावर बसली होती, पाय वर घेऊन, म्हणजे खाली कुणी चिरडायला नको. माती भेगाळली होती. एका भेगेतून एक नाक बाहेर आलं होतं, काडेपेटीतल्या काडीच्या टोकाएवढं. मग डोकं. मग हिरवट-तपकिरी पाठ, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. ते बाहेर आलं, थांबलं, आणि तलाव ज्या बाजूला आहे त्या बाजूला चालायला लागलं. कुणी त्याला सांगितलं होतं कुणास ठाऊक. मागून दुसरं आलं. मी तोंडावर हात धरून उभी होते. एवढ्या दिवसांत सर्पमित्राच्या 'बहुतेक'वर मी विश्वास ठेवला नव्हता हे मला त्या क्षणी कळलं. आतून कुठे तरी मी अजूनही सापाची वाट पाहत होते.

वन विभागाची वनरक्षक मुलगी संध्याकाळपर्यंत आली. तिनं पिल्लं पसरट टोपल्यात घेतली, उलटं करून पोटाकडचे पडदे आम्हाला दाखवले. मागचे पाय आत घेतले की ते पडदे झाकणासारखे मिटतात. खड्डा उकरून तिनं उरलेली अंडी पाहिली. काही खराब झालेली होती. "सगळी कधीच निघत नाहीत," ती म्हणाली.

"मी एक घेऊ काय हातात?" आईनं विचारलं.

वनरक्षक मुलीनं तिच्या तळहातावर एक पिल्लू ठेवलं. पिल्लानं मान आत घेतली आणि थोड्या वेळानं बाहेर काढली. परत देताना आईनं बोटं हळूहळू उघडली. तलावावर सोडायला हे आणि माझी मुलगी गेले. आई गेली नाही. वनरक्षक मुलीला चहा दे म्हणाली मला, आणि बिस्किटंही काढ.

आषाढ पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावास सुरू होतो, भंतेजी म्हणजे भिक्खू पावसाळाभर तिथंच राहतात. त्या दिवशी भंतेजींना भोजनदान असतं, वस्तीतल्या बाया मिळून स्वयंपाक करतात. या वेळी आईनं आधीच सांगून ठेवलं होतं की खीर आपल्याकडून, आणि भंतेजींनी पुण्यानुमोदनात, गेलेल्यांना पुण्य अर्पण करताना, एक नाव घ्यावं. वंदना झाली, भंतेजींनी ते नाव घेतलं. मी चमकून आईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटलेले होते.

नंतर आम्ही बाया मागच्या शेडमध्ये पत्रावळी मांडत होतो. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं आईला विचारलं, "ते नाव कोनाचं होतं वो? तुमच्याकडे कोनी वारलं काय?"

"भाऊ होता माया. लहानपनी गेला."

"कायनं?"

मला वाटलं ती ताप म्हणेल. पन्नास वर्षं तेच म्हटलं होतं. माझ्या हातात द्रोणांची चळत होती, मी ती तशीच धरून थांबले.

"साप चावला. बहात्तरात. कासवाची अंडी काढाले गेलतो आमी नदीत, पोटासाठी. तिथं चावला."

शेडमध्ये चार-पाच बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मला तिच्या वतीनं लाज वाटली की भीती वाटली, सांगता येत नाही, पण कान तापले. ती म्हातारी बाई पत्रावळ खाली ठेवून आईकडे बघत होती.

"कोनती नदी?"

"पैनगंगा."

"आमच्याइकडे वर्धा," ती म्हणाली. "आमीबी खाल्ले ना बाप्पा. माया मोठा भाऊ आने. धोतरात बांधून, लपवून. कोनाले सांगाचं नाही म्हने." मग पातेल्यावरचं झाकण सरकवत तिनं विचारलं, "तुमी भाजून खात का उकडून?"

"भाजून," आई म्हणाली. "उकडाले भांडं कुठलं?"

दुसरी एक बाई पोळ्यांची टोपली घेऊन त्यांच्याजवळ सरकली. तिच्या आईनं मुळं कोणती उकरून आणली होती ते ती सांगायला लागली. पुढच्या खोलीतून कुणी तरी हाक मारली की भंतेजी बसले आहेत, वाढायला घ्या. आईनं खिरीचं पातेलं एका बाजूनं धरलं, त्या म्हाताऱ्या बाईनं दुसऱ्या बाजूनं, आणि दोघी बोलत बोलतच ते आत घेऊन गेल्या.